मेकर, कुंभार, ग्रंथकार

इंग्रजीतील ‘मेकर’ हा शब्द मराठीत आणावयाचा झाला की अनुवादकाची पंचाईत होते. आजच्या व्यवहारातील अर्थ अडत नाही. घड्याळे, कुलपे, चित्रपट करणारा तो मेकर. अडतो तो या शब्दाचा जुना, आता मागे पडलेला अर्थ. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘मेकर’ म्हणजे कवी, आणि थोरल्या अक्षराने लिहिला की तोच शब्द परमेश्वराचा वाचक. फिलिप सिडनीचे काव्यसमर्थन पदव्युत्तर वर्गात शिकविताना मी फळ्यावर एकेक पर्याय लिहून पाहिला आहे. ‘निर्माता’ म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर चित्रपटाला पैसा पुरविणारा गृहस्थ उभा राहतो. ‘स्रष्टा’ आणि ‘विधाता’ एकदम देव्हाऱ्यात जाऊन बसतात. ‘कर्ता’ म्हणावे तर तो व्याकरणात तरी जातो किंवा एकत्र कुटुंबात तरी. ‘रचयिता’ त्यातल्या त्यात बरा; पण त्याला हाताचा स्पर्श नाही, तो टाकाने रचतो. हे केवळ कोशातील उणेपण असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ‘करणारा’ या अर्थाच्या शब्दाची मराठी समाजात जी वाटणी झाली, तिचा हा परिणाम आहे असे मला वाटते. त्या वाटणीचा माग काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधी इंग्रजीकडील हकीकत. स्कॉटलंडमध्ये ‘मकार’ या रूपाने हा शब्द कवीसाठी रूढ होता. 1508 मध्ये छापली गेलेली विल्यम डनबारची दिवंगत मकारांवरील शोककविता प्रसिद्धच आहे. चॉसरपासून अनेक कवींची नावे तीत येतात. 2004 साली स्कॉटलंडने एडविन मॉर्गन यांना राष्ट्रीय कवी नेमले तेव्हा पदाचे नाव म्हणून हाच शब्द पुन्हा उचलला. इंग्लंडात मात्र त्याला तात्त्विक वजन आले ते 1589 मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या आणि जॉर्ज पुटनमच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या काव्यकलाविषयक ग्रंथामुळे, आणि 1595 मध्ये, सिडनीच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, छापल्या गेलेल्या त्याच्या निबंधामुळे. दोघांचाही युक्तिवाद ग्रीक धातूवर उभा आहे: ‘पोएटेस’ हा शब्द ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला, तेव्हा आपण कवीला मेकर म्हणतो ते ग्रीकांशी जुळणारेच आहे. पुटनम एक पाऊल पुढे जातो. ईश्वराने कोणताही साचा वा नमुना समोर न ठेवता शून्यातून जग केले. त्याच्याशी, अर्थात आदरपूर्वक, कवीची तुलना करता येईल, असे तो म्हणतो. याच ओघात तो अनुवादकाला बाहेर काढतो. परक्या नमुन्यावरून काम करणारा तो पद्यकार होईल, कवी नव्हे.

येथे शब्दाच्या पोटात काय घडले ते पाहावे. ‘करणे’ ही क्रिया मूळची कारागिराची. तिला साहित्य लागते, हत्यार लागते, गिऱ्हाईक लागते. पुटनमच्या वाक्यात ती साहित्याशिवाय, साच्याशिवाय होऊ लागते. कारागिराचे नाव कवीला मिळते. कारागिराची माती मात्र काढून घेतली जाते.

याचा अगदी बोचरा पुरावा बेन जॉन्सनच्या ठिकाणी सापडतो. इंग्रजीत करणाऱ्याला आणखी एक जुना शब्द आहे, ‘राइट’. तो लिहिण्याच्या क्रियेहून वेगळा, अस्सल सुतारशाळेतील आहे. जुन्या इंग्रजीत तो जगाच्या कर्त्यालाही लावला जाई. पुढे त्याची स्वतंत्र चाल संपली आणि चाके करणारा, गाड्या करणारा, जहाजे बांधणारा अशा जोडशब्दांच्या शेपटाला तो उरला. नाटककारासाठी इंग्रजीत आज जो प्रतिष्ठित शब्द आहे तो याच शेपटाचा. परंतु जॉन्सनने 1616 च्या आपल्या संग्रहातील उपरोधिकांत तो वापरला तो शिवी म्हणून: हा कवी नव्हे, हा नाटके ठोकून देणारा. त्याच जॉन्सनने आपल्या टिपणांत कवी म्हणजे ग्रीकांचा ‘करणारा’, मेकर, असे गौरवाने नोंदविले आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. एकाला ग्रीक धातूची वंशावळ मिळाली, दुसऱ्याच्या अंगाला भुसा लागून राहिला. जॉन्सनचा सावत्र पिता गवंडी होता, त्याने स्वतःही विटा रचल्या होत्या, आणि प्रतिस्पर्धी त्याला त्यावरून हिणवीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची ही धडपड अधिक समजते. (टी. एस. एलियटने ‘वेस्ट लँड’ एझरा पाउंडला अर्पण करताना दान्तेचा आधार घेऊन त्याला ‘अधिक सरस लोहार’ ठरविले. विसाव्या शतकात कारागीर असणे पुन्हा परवडू लागले होते, अर्थात इटालियनमध्ये.)

ग्रीकांकडे तरी ही वाटणी नव्हती काय? प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये दिओतिमा सांगते की, ‘पोएसिस’ हे नाव खरे पाहता सर्वच करण्याला लागू आहे, सर्व कलांचे कारागीर ‘पोएटेस’च आहेत, पण संगीत आणि छंद यांच्याशी संबंधित एवढाच तुकडा वेगळा काढून आपण संपूर्णाचे नाव त्याला दिले आहे. वाटणीची ही कबुलीच म्हणावयाची. ‘डेमिअर्ज’ हा इंग्रजीतला निर्मात्यासाठीचा दुसरा जुनाट शब्द तर आपल्या दृष्टीने याहून बोलका आहे. त्याचा मूळ अर्थ लोकांसाठी काम करणारा. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात अशा लोकांची यादी येते: भविष्य सांगणारा, वैद्य, सुतार आणि गायक कवी. गावगाड्याची ज्याला माहिती आहे त्याला ही बलुतेदारांची यादी वाटल्यावाचून राहणार नाही. मोबदल्याच्या रीतीत अंतर असेल, पण गावाला लागणारे काम करणाऱ्यांची ही यादी आहे आणि कवी तीत सुतारापासून बोटभर अंतरावर बसला आहे. प्लेटोने ‘तिमेअस’मध्ये हा शब्द उचलून जगाच्या रचनाकाराला दिला. अशा रीतीने बलुतेदार विश्वाचा विधाता झाला, शब्दात तरी.

आपल्याकडे सुरुवात याहून वेगळी नाही. ऋग्वेदातील कवी आपण सूक्त तासून घडविले असे म्हणतात. त्यासाठी त्यांनी ‘तक्ष्’ हा सुताराचा धातू वापरला आहे आणि रथाची उपमा जोडली आहे. ‘कवी’ हा शब्द मात्र द्रष्ट्याचा, वाणीचा, करण्याचा नव्हे. पुढे नवव्या शतकात आनंदवर्धन काव्याच्या अपार संसारात कवी हाच एकटा प्रजापती असे म्हणतो आणि अकराव्या शतकात मम्मट ‘काव्यप्रकाशा’च्या मंगलाचरणात कविवाणीची सृष्टी नियतीच्या नियमांपासून मुक्त, दुसऱ्या कशाच्याही अधीन नसलेली अशी वर्णितो. पुटनमशी साम्य उघड आहे. म्हणून ‘निर्मिती’ची सारी परिभाषा आपण इंग्रजी रोमँटिकांकडून उसनी आणली असे जे आपल्याकडे अधूनमधून म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. कवीला मातीपासून सोडविण्याचा उद्योग संस्कृत साहित्यशास्त्राने आपल्या परीने आधीच केला होता.

पण संस्कृत विचाराला दुसरी एक खोली आहे आणि तीत कुंभार कायमचा राहत आला आहे. न्यायदर्शनात ईश्वराच्या अस्तित्वाचे अनुमान दिले जाते ते घटाच्या आधारे: घट हे कार्य आहे, त्याला कर्ता आहे, जगही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता असला पाहिजे. माती हे उपादानकारण, कुंभार हे निमित्तकारण, चाक आणि दंड ही साधने. ‘कुलाल’ हा शब्द न आलेला कार्यकारणविषयक ग्रंथ विरळाच. ईश्वराला कर्ता म्हणावयाचे तर आधी कुंभाराकडे बोट दाखवावे लागते. मात्र बोट दाखविल्यावर कुंभाराचे काम संपते. शतकानुशतके तो दृष्टान्तात चाक फिरवीत राहिला, बोलला नाही. उत्तरेत कुंभार समाज ‘प्रजापती’ हे नाव लावतो. आनंदवर्धनाचा प्रजापती आणि हा प्रजापती यांची गाठ कोणत्याही काव्यशास्त्रात पडलेली मला आढळली नाही.

दृष्टान्तातला हा कुंभार मराठीत बोलला, आणि तो बोलला तेर येथे. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे हे गाव. (जिल्ह्याचे नाव 2023 पर्यंत उस्मानाबाद होते.) ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाची मोठी पेठ सांगितली आहे, तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. तगर म्हणजे तेर हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिले. उत्खननांतून आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या संग्रहातून तेथील सातवाहनकालीन मृण्मय वस्तू पुढे आल्या. मातीच्या स्त्रीमूर्ती, पशू, खेळणी, भांडी. गावातील वस्तुसंग्रहालयात त्या पाहता येतात. यांतील कितीएक मूर्तींची केशरचना आणि दागिने इतक्या निगुतीने उठविलेले आहेत की करणाऱ्याचा हात ओळखू यावा. नाव कोणावरच नाही.

तेराव्या शतकात याच गावच्या एका कुंभाराचे नाव टिकले, ते मडक्यांवर नव्हे, अभंगांवर. गोरोबा हे नामदेव-ज्ञानेश्वरांच्या मेळ्यातील वयाने वडील, सर्वांचे ‘गोरोबाकाका’. परंपरा त्यांचा काळ 1267 ते 1317 असा देते. त्यांच्या नावावरचे अभंग मोजकेच आहेत आणि त्यांतील कोणता मूळचा, कोणता मागाहून आलेला, हा वाद संपणारा नाही. मला येथे महत्त्वाची वाटते ती मुद्रा: ‘म्हणे गोरा कुंभार’. व्यवसाय नावाला जोडलेला आहे. क्रियापद मात्र ‘म्हणे’. घडविण्यात ज्याचा जन्म गेला तो कवितेपुढे ‘केले’ म्हणत नाही. नामदेव शिंपी, नरहरी सोनार, सावता माळी, चोखोबा हे सारे ‘म्हणे’च म्हणतात. नरहरी सोनार तर मूस, हातोडी अशी आपली सारी हत्यारे अभंगात आणतो, पण ती देहाच्या आणि नामाच्या रूपकासाठी. कविता आपण त्या हत्यारांनी घडविली असे तो म्हणत नाही. गोरोबांच्या प्रसिद्ध अभंगांचा भर तर निर्गुणाच्या अवर्णनीय अनुभवावर आहे. मुक्याला साखर खाऊ घातली तर तो गोडी कशी सांगणार, ही त्यांची जागा. अर्थात ‘म्हणे’ हे क्रियापदही जिथे हात टेकते तिथे हा कुंभार उभा आहे.

‘मेकर’च्या अभिमानापेक्षा ही नम्रता थोर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो आवरावा. ‘म्हणे’ ही एका परंपरेची रूढी आहे, आणि रूढीला नम्रता म्हणून गौरविणे हे तिचा विचार टाळण्यासारखे आहे. पाहावयाचे ते असे की, ‘करणे’ हे क्रियापद या कवींनी कोठे ठेवले. ते त्यांनी विठ्ठलाकडे दिले, आणि देताना मराठीच्या व्याकरणाने त्यांना एक सोय पुरविली. ‘करता करविता’ ही जोडी इंग्रजीत बसत नाही. मराठीत करण्याचे प्रयोजक रूप आहे. करणारा एक आणि त्याच्याकडून करवून घेणारा दुसरा, अशी दोन माणसे एका धातूतून निघतात. कर्तृत्व वाटून घेता येते. तुकोबा आपली वाणी आपली नव्हे असे वारंवार बजावतात ते याच प्रयोजकाच्या बळावर. पुटनमच्या भाषेत कवी ईश्वरासारखा आहे. मराठी संतांच्या भाषेत तो ईश्वराच्या वाक्यातला एक कारक आहे. याच ओघात ‘लेखक’ या शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. 1290 मधील ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटी ‘लेखक’ म्हणून उल्लेख येतो तो सच्चिदानंदबाबांचा, म्हणजे उतरून घेणाऱ्याचा. रोलाँ बार्तने 1960 च्या दशकात ग्रंथकर्त्याचा मृत्यू घोषित करून त्याच्या जागी केवळ लिहिणारा बसविला, तो शब्दशः आपला हा जुना लेखक. पण साम्य शब्दाशी थांबते. सच्चिदानंदबाबांच्या मागे कोणी मेलेले नव्हते. मागे ज्ञानदेव होते, त्यांच्या मागे निवृत्तिनाथ.

गोरोबांची सर्वांत प्रसिद्ध कथा करण्याविषयीची नाहीच, पारखण्याविषयीची आहे. संत जमले असता मुक्ताबाई कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारते, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के ते पाहण्यासाठी, असे उत्तर येते. मग आमचीही डोकी पाहा, म्हणून ती सांगते. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. नामदेव तेवढे रागावतात आणि तेवढेच कच्चे ठरतात. पुढे ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात. महिपतीच्या ‘भक्तिविजया’ने (1762) ही कथा घरोघर नेली. मराठी कवींच्या मेळ्यात झालेली ही पहिली समीक्षा, असे गमतीने म्हणता येईल. पण गमतीपलीकडे तिच्यात आपल्या विषयाचे मर्म आहे. नामदेव कवी म्हणून कच्चे ठरत नाहीत. त्यांचा एकही अभंग तपासला जात नाही. तपासले जाते ते मस्तक. या व्यवस्थेत घडविलेली वस्तू म्हणजे कविता नव्हे, कवीच. सिडनीचा मेकर कविता करतो. तेरच्या कुंभारापुढे बसलेला कवी स्वतः आव्यातून निघावयाचे मडके आहे. मेकर या शब्दाची इतकी संपूर्ण उलटापालट मला अन्यत्र आढळलेली नाही. आणि ही पारख कोणा पंडिताने केली नाही, ज्याचा हात मातीत आहे त्याने केली. कच्चे-पक्के याचा निवाडा देण्याचा अधिकार त्याच्या हत्यारातून आला. आपल्या समीक्षेत आजही कविता ‘कच्ची’ असते, शैली ‘घडीव’ असते. ती परिभाषा कोणाकडून आली हे आपण विसरलो आहोत.

आता शब्दाकडे परत येऊ. ‘कुंभार’ हा ‘कुंभकार’ आहे. प्राकृतात मधला ‘क’ झिजला आणि ‘आर’ उरले. सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार याच वाटेने झाला. इंग्रजीत जसा ‘राइट’ शेपटाला उरला तसा मराठीत हा ‘आर’. फरक इतकाच की इंग्रजीत त्याची आडनावे झाली आणि आपल्याकडे जाती. दुसरीकडे ग्रंथकार, कथाकार, कादंबरीकार, नाटककार, साहित्यकार या शब्दांत ‘कार’ अखंड आहे. ते तत्सम आहेत, किंवा नव्याने पाडलेले. बोलणाऱ्यांच्या तोंडात त्यांना झिजण्याइतके दिवस मिळाले नाहीत. प्रत्यय एकच. झिजलेला तो बलुत्याचा, न झिजलेला तो प्रतिष्ठेचा. चांभार समाजाने आपल्या संस्थांची नावे ‘चर्मकार’ अशी घेतली तेव्हा एका पडलेल्या व्यंजनासाठी तो दावा होता. भाषाशास्त्राच्या पुस्तकात ध्वनिलोपाचे उदाहरण म्हणून ‘कुंभार’ देताना ही बाजू सांगितली जात नाही.

एकोणिसाव्या शतकात हा न झिजलेला ‘कार’ सभा भरवू लागला. 1878 मध्ये पुण्यास लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा झाली. 1885 मध्ये दुसरी. दुसरीचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. ज्या लोकांनी माणसांचे हक्क इतरांना खुशीने व उघडपणे दिले नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभा आणि ग्रंथ जुळत नाहीत, हा त्यांच्या पत्राचा आशय. हे पत्र सामाजिक इतिहासात पुष्कळदा उद्धृत होते. साहित्यशास्त्राने ते आपले मानलेले नाही. मला ते ‘कार’ या प्रत्ययाविषयीचे मराठीतील पहिले समीक्षात्म विधान वाटते. ग्रंथ करणारे एकत्र येणार, पण करणाऱ्यांतील बहुसंख्य ज्या नावाने ओळखले जातात त्या नावाचा ‘क’ केव्हाच गळून पडलेला आहे, आणि तो कोणामुळे गळला याची चौकशी सभेच्या कार्यक्रमात नाही.

त्यानंतरच्या मराठी समीक्षेने कर्त्याऐवजी निर्मितीला मध्यभागी आणले. मर्ढेकरांची लयतत्त्वे असोत, रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) असो, शरच्चंद्र मुक्तिबोधांचे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (1978) असो, चर्चा खोल गेली यात शंका नाही. त्यातही मुक्तिबोध मानुषतेच्या आग्रहामुळे श्रमाच्या जवळ येतात. पण ‘निर्मितिप्रक्रिया’ ही संज्ञा पाठ्यपुस्तकी झाली तेव्हा तीत प्रतिभा, अंतःस्फूर्ती, अनुभवद्रव्य हे सारे आले. चाक, पाणी, तुटलेले मडके, परत मळलेली माती ही तेवढी आली नाहीत. रेमंड विल्यम्सने ‘कीवर्ड्स’मध्ये (1976) इंग्रजी ‘क्रिएटिव्ह’ या शब्दाचा जो प्रवास दाखविला, ईश्वरापुरता राखलेला धातू कवीकडे, आणि कवीकडून अखेर जाहिरातीकडे, तो आपल्या ‘सर्जनशील’ला बिनचूक लागू पडतो. जाहिरात कंपन्यांतून ‘क्रिएटिव्ह’ हे आता पदनाम आहे.

तेव्हा फळ्यावरच्या त्या रिकाम्या जागेत काय लिहावे? काही काळ मी ‘घडविणारा’ लिहीत असे. त्यात हात आहे, वेळ आहे, आणि देवालाही तो शब्द परका नाही. परंतु सिडनीच्या पुढच्याच वाक्यांशी तो भांडतो. सिडनीचा कवी निसर्गाच्या अधीन राहू इच्छीत नाही. निसर्गाने कधी केले नाही असे तो करतो, निसर्गाचे जग पितळेचे आणि कवीचे सोन्याचे अशी त्याची प्रतिज्ञा आहे. घडविणाऱ्याला अशी प्रतिज्ञा करता येत नाही. तेरच्या कुंभाराला तेरणेच्या काठची माती जेवढे देईल तेवढेच घडविता येते. आवा फसला तर महिन्याचे काम खापरांत जाते. सिडनीला जो अर्थ हवा होता तो मराठीत ‘प्रजापती’ या शब्दात आहे, आनंदवर्धनाने तो तेथे ठेवलेलाच आहे. हल्ली मी तोच लिहितो, आणि उत्तरेत हे नाव कोण लावतात ते वर्गाला सांगतो.